विश्लेषण : पन्नास वर्षे उलटली, तरी ‘गुपी गाइन बाघा बाइन’ आजी आणि नातवंडांना एकत्र का हसवतो?

दोन बेसूर कलाकार, भुतांचा राजा आणि उपाशी सैन्य. सत्यजित राय यांनी लहान मुलांसाठी काढलेला चित्रपट मोठ्यांचाही कसा झाला?

गळ्यात सूर नाही, पण गाण्याची हौस दांडगी. ढोल धड वाजवता येत नाही, पण गळ्यातून उतरवतही नाही. गावाने हाकलून दिलेले असे दोन तरुण जंगलात भेटतात, भुतांच्या राजाची मर्जी संपादन करतात आणि शेवटी दोन राज्यांमधले युद्ध थांबवतात. सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या बंगाली चित्रपटाची ही गोष्ट. मे १९६९ मध्ये तो कोलकात्यात प्रदर्शित झाला आणि महिनोन्महिने चालला. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी बंगाली घरांत तो आजही आजी-आजोबा नातवंडांना घेऊन पाहतात. मुलांसाठी काढलेले बहुतेक चित्रपट मुलांबरोबर मोठे होत नाहीत, मागेच राहतात. या चित्रपटाचे तसे का झाले नाही?

गोष्ट काय आहे?

बंगालीत ‘गाइन’ म्हणजे गाणारा आणि ‘बाइन’ म्हणजे वाजवणारा. गुपी आमलोकी गावचा. गावातली टवाळ म्हातारी मंडळी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि भल्या पहाटे राजाच्या खिडकीखाली गायला पाठवतात. झोपमोड झालेला राजा त्याचा तंबोरा फोडतो आणि त्याला गाढवावर बसवून गावाबाहेर काढतो. बाघा हरतुकी गावचा. ढोलाच्या पायी त्याचीही तीच गत झालेली. दोघांची भेट होते ती जंगलात. बाघा झोपलेला आहे, झाडावरून पाण्याचे थेंब त्याच्या ढोलावर टपटपत आहेत आणि तो आवाज ऐकून गुपी घाबरत घाबरत पुढे येतो.

मग वाघ येतो, निघून जातो आणि जीव वाचल्याच्या आनंदात हे दोघे गाऊ-वाजवू लागतात. माणसांनी नाकारलेले हे संगीत भुतांना मात्र आवडते! भुतांचा राजा खूश होऊन तीन वर देतो. दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली की हवे ते खायला आणि ल्यायला मिळेल. जादूचे जोडे घालून टाळी दिली की हवे तिथे जाता येईल. आणि दोघे गाऊ-वाजवू लागले की ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील.

पुढे ते शुंडीच्या राजाचे दरबारी गवई होतात. शुंडीच्या प्रजेची वाचा एका साथीत गेलेली असते. शेजारच्या हल्ला राज्याचा राजा शुंडीवर चाल करून येणार, अशी खबर येते. हे दोन्ही राजे म्हणजे लहानपणी ताटातूट झालेले जुळे भाऊ. हल्लाचा राजा मुळात साधाभोळा. त्याचा कावेबाज मंत्री बर्फी नावाच्या जादूगाराकडून औषध घेऊन त्याला क्रूर बनवतो. गुपी आणि बाघा हेर म्हणून हल्लात जातात. पकडले जातात, जोडे गमावतात आणि कैदेत पडतात. तिथून सुटून ते युद्ध कसे थांबवतात, हा उरलेला चित्रपट.

हा चित्रपट निघाला कसा?

मूळ गोष्ट राय यांच्या आजोबांची. उपेंद्रकिशोर रायचौधरी हे लेखक आणि चित्रकार होते, शिवाय छपाईच्या तंत्रातले जाणकार होते. छायाचित्रांचे हाफटोन ब्लॉक बनवण्याच्या पद्धतीवर त्यांनी केलेले काम इंग्लंडमधल्या छपाई-व्यवसायाच्या वार्षिकात छापून येत असे. त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले आणि ही गोष्ट १९१५ मध्ये त्यातच आली. मासिक पुढे बंद पडले. १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ते पुन्हा सुरू केले.

त्याच सुमारास राय यांचा मुलगा संदीप वडिलांकडे हट्ट धरून बसला होता. बाबांचे चित्रपट सगळे गंभीर आणि मोठ्यांचे; मुलांसाठी एक तरी काढा, असे त्याचे म्हणणे. ‘पथेर पांचाली’ करून जगभर नाव झालेल्या माणसाला घरातल्या प्रेक्षकाने केलेली ही मागणी होती.

मागणी पुरवणे सोपे नव्हते. भुते, जादू, उंटांची फौज आणि दोन राजवाडे म्हणजे खर्च आला. निर्माता मिळवताना राय यांची दमछाक झाली. अखेर नेपाल दत्त आणि असीम दत्त यांनी पैसे उभे केले, पण संपूर्ण चित्रपट रंगीत करण्याएवढे बजेट नव्हते. म्हणून तो कृष्णधवल आहे आणि अगदी शेवटी, सगळे गोड झाल्यावर पडदा रंगीत होतो. आजही पहिल्यांदा पाहणारे मूल त्या क्षणी डोळे मोठे करते. परवडत नव्हते म्हणून घेतलेला निर्णय गोष्टीच्या कामी आला.

हल्लाच्या भागाचे चित्रीकरण जैसलमेरला झाले. त्या किल्ल्याने राय यांना एवढी भुरळ घातली की ‘सोनार केल्ला’साठी (१९७४) ते तिथे परत गेले. पटकथा, दिग्दर्शन, गीते आणि संगीत सगळे राय यांचेच. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

तीन वरांमध्ये असे विशेष काय?

परीकथेत वर मिळाला की माणूस साधारण काय मागतो? सोन्याची रास, अर्धे राज्य, अजिंक्य तलवार. गुपी आणि बाघा मागतात पोटभर जेवण, अंगभर कपडे, भटकायला जोडे आणि चार लोकांनी ऐकावे असे गाणे. तलवार त्यांच्या डोक्यातही येत नाही.

लहान मुलाला हे लगेच पटते, कारण भूक आणि भटकंती हे त्याच्याही जिव्हाळ्याचे विषय आहेत. मोठ्यांना त्यामागचा काळ आठवतो. बंगालने १९४३ चा दुष्काळ पाहिला होता. चित्रपट येण्याच्या तीनच वर्षे आधी, १९६६ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये अन्नधान्याच्या टंचाईवरून मोठे आंदोलन पेटले होते. अशा प्रांतात पहिला वर जेवणाचा असणे हा नुसता विनोद राहत नाही. टाळी दिल्यावर समोर आलेली ताटे पाहून दोघे ज्या अधाशीपणे तुटून पडतात, त्यावर मूल हसते. आजोबाही हसतात, पण थोडे वेगळे.

आणखी एक बारकावा आहे आणि तो साऱ्या चित्रपटाचा कणा आहे. हे वर एकट्याला वापरता येत नाहीत. टाळी एका हाताने वाजत नाही, ही आपली म्हण इथे जादूचा नियमच होऊन बसते. गुपीने स्वतःचेच दोन हात आपटून काही होणार नाही. समोर बाघाचा हात हवा. त्यामुळे या गोष्टीत ‘निवडलेला’ असा एकटा नायक नाही. दोन अर्धवट माणसे मिळून एक पुरता माणूस होतो. तपेन चटर्जी (गुपी) आणि रवी घोष (बाघा) यांची जोडी त्यामुळेच लक्षात राहते. एक उंच, भाबडा. दुसरा ठेंगणा, तिखट आणि सतत कुरकुरणारा. ते भांडतात, नावे चुकवतात. शुंडी म्हणायच्या ऐवजी भलतेच नाव घेतल्याने ते एकदा बर्फात आणि एकदा वाळवंटात जाऊन पडतात. मोबाइलवर पत्ता टाकताना एक अक्षर चुकले की काय होते, हे ठाऊक असलेल्या आजच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

भुतांचा नाच एवढा का गाजला?

भारतीय चित्रपटातले हे सर्वांत विलक्षण नृत्य म्हणता येईल. सहा मिनिटांहून जास्त वेळ पडद्यावर एकही शब्द नाही, फक्त तालवाद्ये आणि नाचणारी भुते. राय यांनी भुतांचे चार वर्ग पाडले आहेत. राजे-रजवाडे, साधी रयत, टोपीवाले इंग्रज साहेब आणि पोट सुटलेले शेठ-भटजी-पाद्री. प्रत्येक वर्गाला कर्नाटक संगीतातले एकेक वाद्य दिले आहे. राजांना मृदंगम, रयतेला खंजिरा, साहेबांना घटम आणि ढेरपोट्यांना मोरसिंग.

तंत्रही मजेशीर आहे. साहेबांच्या भुतांचे चित्रीकरण करताना कॅमेऱ्याचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवला होता. कमी वेगाने टिपलेली फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की हालचाली झटक्याझटक्याने होतात आणि माणसे चावी दिलेल्या खेळण्यांसारखी दिसतात. भुतांच्या राजाचा तो किनरा, यमकांत बोलणारा आवाज खुद्द राय यांचा आहे. ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून त्याला अमानवी केले आहे. संगणक नसलेल्या काळातल्या या युक्त्या आजही फसव्या वाटत नाहीत, कारण त्या खऱ्याची नक्कल करायला जातच नाहीत.

आता या नाचात घडते काय, ते पाहा. प्रत्येक वर्गातली भुते आधी नाचतात, मग आपापसांत भांडतात आणि एकमेकांना संपवतात. राजा राजाशी लढतो, साहेब साहेबाशी, रयत रयतेशी. शेवटी हे चारही वर्ग पडद्यावर एकावर एक अशा चार ओळींत एकाच वेळी आपापल्या तालात नाचताना दिसतात. मुलासाठी हा भुतांचा धुडगूस आहे. इतिहास वाचलेल्या माणसाला त्यात बंगालची दोनशे वर्षे दिसतात. जिवंतपणी ज्यांचे पटले नाही त्यांचे मेल्यावर पटते, एवढी कडवट गंमत त्यात भरलेली आहे. पण ती कोणी बोलून दाखवत नाही. प्रेक्षकाला कळली तर कळली.

हसता हसता तो युद्धाबद्दल काय सांगतो?

या चित्रपटातल्या खलनायकाची राज्ययंत्रणा बारकाईने पाहण्यासारखी आहे. हल्लाचा मंत्री स्वतः ताव मारून जेवतो आणि त्याचे सैनिक खपाटीला गेलेल्या पोटाने पहारा देतात. राजाला औषध पाजले की तो गुरगुरतो; अंमल उतरला की बाळासारखा निरागस होतो. म्हणजे युद्ध ना राजाला हवे आहे, ना सैनिकांना. हवे आहे ते मधल्या एका माणसाला, ज्याला स्वतः लढायचे नाही. शुंडीकडे तर सैन्यच नाही. मंत्री झालेले जहर राय आणि दोन्ही राजांच्या दुहेरी भूमिकेतले संतोष दत्त यांनी ही विसंगती इतकी रंगवली आहे की तिचा राग येण्याआधी हसू येते.

कैदेतून सुटण्याचा प्रसंग त्याच धाग्याचा. जोडे गेले, तरी टाळी शाबूत आहे. दोघे कोठडीत पंचपक्वान्ने मागवतात आणि उपाशी पहारेकऱ्याच्या नाकावर तो वास जातो. बाकीचे काम भूकच करते.

शेवटी रणांगणावर उंटांची फौज उभी राहते, तेव्हा गुपी त्यांना गाण्यातूनच विचारतो की मारामारी करून तुम्हाला मिळणार काय? मग टाळी पडते आणि आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरू लागतात. सैनिक हत्यारे टाकून मिठाईकडे धावतात. युद्ध संपते! एकही माणूस मरत नाही.

भारताने तेव्हा १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धे नुकतीच पाहिली होती आणि व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. राय यांनी यातल्या कशाचेही नाव घेतले नाही. म्हणूनच चित्रपट त्या सालात अडकून पडला नाही. आज मुले युद्धाची दृश्ये मोबाइलवर पाहतात. क्षेपणास्त्र कुठून सुटले आणि कुठे पडले, याचे नकाशे त्यांना पाठ असतात. ते लढणाऱ्याच्या पोटात आज काय गेले आहे, हा प्रश्न मात्र त्या नकाशांत नसतो. या चित्रपटात तोच मुख्य प्रश्न आहे आणि तो सात वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत विचारला आहे.

मिठाईने युद्धे थांबत नाहीत, असे कोणी शहाणा म्हणेल. खरेच आहे. पण परीकथेचे काम उपाय सांगण्याचे नसते. लढाई ज्यांच्या नावाने चालते त्यांना ती हवी आहे का, एवढी शंका मनात पेरली तरी तिचे काम झाले.

बंगाली न येणाऱ्याला तो कळेल का?

हा प्रश्न चित्रपटानेच आधी ओळखला आहे. शुंडीच्या दरबारात गुपी राजाला गाऊन सांगतो की आम्ही बंगालचे, दुसरी भाषा आम्हाला येत नाही, पण सुरांना भाषेची अडचण नसते. शिवाय शुंडीची प्रजा मुकी असल्याने बराचसा चित्रपट हावभावांवर चालतो. भुतांच्या नाचाला तर सबटायटलही लागत नाही.

गुपीला आवाज देणारे अनुप घोषाल मराठी श्रोत्यांना परके नाहीत. ‘मासूम’ (१९८३) मधले ‘तुझसे नाराज नहीं जिंदगी’ हे गाणे त्यांचेच. बर्फी जादूगार झालेले हरींद्रनाथ चट्टोपाध्याय म्हणजे सरोजिनी नायडू यांचे बंधू. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बावर्ची’तले (१९७२) खाष्ट आजोबा ते हेच.

त्रुटी नाहीत का?

आहेत आणि आजच्या घरात त्यांच्यावर बोलणे व्हायला हवे. सर्वांत मोठी म्हणजे या गोष्टीत बायका जवळजवळ नाहीत. शेवटी दोन राजकन्या येतात त्या बक्षीस म्हणून. त्यांना गुपी-बाघाशी लग्न करायचे आहे का, हे कोणी विचारत नाही. सैनिकाला लढायचे आहे का, असे विचारणाऱ्या चित्रपटाला हा दुसरा प्रश्न सुचला नाही, ही त्याची मर्यादा आहे. एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी ‘मग त्या राजकन्यांनी काय केलं?’ असे विचारील, तेव्हा ‘गोष्ट संपली’ म्हणून विषय मिटवू नये.

दुसरी अडचण वेगाची. तीस सेकंदांच्या रील्सना सरावलेल्या मुलाला पहिला अर्धा तास संथ वाटू शकतो. तिथे थोडा धीर धरावा लागतो. भुते आली की पुढे ओढून न्यावे लागत नाही.

पुढे काय झाले?

गुपी आणि बाघा १९८० मध्ये ‘हीरक राजार देशे’त परत आले. हिऱ्यांच्या खाणींचा मालक असलेला राजा प्रजेची डोकी यंत्राने धुऊन काढतो आणि शाळा बंद पाडतो. त्यात बहुतेक पात्रे यमकांत बोलतात, अपवाद शाळामास्तरांचा. सरळ गद्यात बोलणारा माणूसच स्वतंत्र विचार करतो, ही गंमत मुलांना उशिरा कळते आणि मग विसरता येत नाही. आणीबाणी उठून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तिसरा भाग ‘गुपी बाघा फिरे एलो’ दिग्दर्शित केला संदीप राय यांनी. ज्याच्या हट्टापायी सगळे सुरू झाले, त्याच्याच हाती गोष्ट आली.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतही आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा हिंदी ॲनिमेशनपट केला. बालचित्र समितीची निर्मिती असलेला हा चित्रपट २०१३ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला. त्यांनी राय यांची नक्कल न करता उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीला स्वतःची चित्रशैली दिली. शंभर वर्षांपूर्वी मासिकात छापलेली गोष्ट तिसऱ्या माध्यमातही उभी राहते, ही तिच्या ताकदीची खूण.

मग उत्तर काय?

‘सर्व वयोगटांसाठी’ या लेबलाचा अर्थ अलीकडे असा झाला आहे की मुलांसाठी पडापडी आणि मोठ्यांसाठी मधूनमधून एखादा द्वयर्थी विनोद. दोघांना वेगवेगळ्या पुड्या बांधून दिल्या जातात. राय यांनी तसे केले नाही. त्यांनी एकच ताट वाढले. उपाशी पहारेकऱ्यावर मूल आणि आजोबा दोघेही हसतात, एकाच क्षणी हसतात. फक्त आजोबांना त्या हसण्याची किंमत ठाऊक असते. मुलाला ती दहा-पंधरा वर्षांनी कळते. तेव्हा चित्रपट तोच असतो, पाहणारा बदललेला असतो. एकदा पाहून हा चित्रपट संपत नाही, तो यामुळे.

आज बहुतेक घरांत माणशी एक पडदा आहे. आजी मालिकेत, बाबा क्रिकेटमध्ये आणि मुलगी रील्समध्ये. जेवणाच्या ताटाभोवतीही चार मोबाइल चार गोष्टी सांगत असतात. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण आठवड्यातून एका संध्याकाळी तरी एकच पडदा पुरेल असे काही घरात हवे असेल, तर कुरकुऱ्या बाघा आणि भोळा गुपी पन्नास वर्षांहून जास्त काळ तयार बसले आहेत. भुतांच्या राजाची अटही सोपी आहे. समोर दुसऱ्याचा हात असला की झाले.